त्रयस्थ

एप्रिल संपता संपता डाकोटात जे वादळ झालं
त्यानंतर माझ्या टेबलावर सतरा अर्ज आले.
आर्डिस क्वालेचा अकरावा.
ओल्या कोटाच्या आतल्या खिशातून काढून
तिने तो पुढ्यात ठेवला,
इस्त्री केल्यासारखा सरळ.

अर्ज सरकारी, म्हणून सभ्य.
'मेली' असं तो कुठेच म्हणत नाही.
पशुधन. वजनगट. हानीचा दिनांक.
हवामानाचा प्रकार.
अडीचशे पौंडांखालच्या रकान्यात
तिने लिहिलं होतं एकतीस,
खोडून पुन्हा एकतीसच.

फोटो जोडले होते.
कानातले पिवळे बिल्ले दिसावेत
म्हणून एकेकाचं डोकं तिनेच वळवलं असणार.
ओढ्याच्या वळणाला, वाऱ्याकडे पाठ करून
एकमेकांवर रेललेली वासरं.
काहींना बिल्लाच नव्हता.
जन्मून दिवस झाला नव्हता,
नंबर कधी द्यायचा?

"नवव्या रकान्यात सही नाही," मी म्हटलं.
त्रयस्थाची.
जो नातलग नाही, गडी नाही,
ज्याचा यात छदामाचा संबंध नाही
आणि ज्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलंय.
ती खिडकीबाहेर बघत राहिली.
सात मैलांत असा माणूस एकच,
डेल्मर रास्क,
आणि कुंपणाच्या तीन खांबांवरून
त्या दोघांची बोलचाल
चौदा वर्षं बंद.

मुदत तीस दिवस, मी सांगितलं.
याहून जास्त काही सांगणं
माझ्या पगारात बसत नाही.

पुढचं तिनेच सांगितलं, कितीतरी नंतर,
गवताच्या बियाण्याचं अनुदान विचारायला आली तेव्हा.

त्याच्या टपालपेटीत तिने चिठ्ठी टाकली.
चिठ्ठीत फक्त रकान्याचा नंबर.
दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो हजर.
नमस्कार नाही, चमत्कार नाही.
खिशातून सुताराची जाड पेन्सिल काढली
आणि एका टोकाने चालू लागला.
वाकायचा, बघायचा, पुढे.
ती दहा पावलं मागे,
शाळा तपासायला आलेल्या साहेबामागे
मास्तरीण चालते तशी.

शेवटाला पोचून म्हणाला, "बत्तीस."
"एकतीस. तीनदा मोजलीत मी."
चौदा वर्षांनी तोंड उघडलं
तेही हिशोबावर भांडायला.
"बत्तीस," तो पुन्हा म्हणाला
आणि आपल्या ट्रककडे गेला.

मागे ताडपत्रीखाली
तांबूस, पांढऱ्या कपाळाचं एक.
वाऱ्यासोबत चालत चालत
कुंपणावरून पलीकडे गेलेलं.
बर्फात कुंपण खांबांसकट बुडालं होतं,
वासराला हद्द कुठली कळायला.
त्याच्या गंजीपाशी येऊन पडलं होतं.
कोल्ह्यांनी ओढू नये म्हणून
पाच दिवस त्याने झाकून ठेवलं होतं.
"बिल्ला तुझा आहे," तो म्हणाला. "लिही."

अर्ज परत आला तेव्हा
एकतीसवर काट, शेजारी बत्तीस,
आणि नवव्या रकान्यात
पेन्सिलीतली बोजड सही.
नियमाने सही शाईतच हवी.
त्याचं घर इथून बावीस मैल.
त्या दिवशी ते नियमाचं पान
मला काही सापडलं नाही.

पैसे ऑगस्टात आले.
बाजारभावाचे बारा आणे, बत्तीस वासरांचे.
बँकेचा हप्ता गेला, दोन कालवडी आल्या.
ते एक वासरू ताडपत्रीतून उतरवताना
दोघांनी मिळून धरलं की तिने एकटीने,
हे मी विचारलं नाही.
तसा रकाना नाही.

मागच्या आठवड्यात त्या रस्त्याने गेले.
तीन खांब होते तिथेच आहेत, वाकडे.
नेमके कुणाच्या हद्दीत
ते गाडी थांबवून पाहिलं नाही.
उद्या पुन्हा वादळ येईल,
कुणीतरी सही मागायला येईल.
या तालुक्यात एक तरी माणूस
त्रयस्थ राहिलेला बरा.